चंडीगडचे मराठी राज्यपाल : काकासाहेब गाडगीळ

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राची मागणी ज्यांनी संसदेत अत्यंत पोटतिडकीने मांडली, ते काकासाहेब गाडगीळ त्या वेळी महाराष्ट्राच्या राजकारणात नव्हते. शेकडो कोस दूर, शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी नव्याने वसलेल्या चंडीगड शहरात ते पंजाबचे राज्यपालपद सांभाळत होते. योगायोग असा की, भाषेच्या आधारावर राज्य मिळावे, ही जी मागणी महाराष्ट्रात त्या दिवशी सफल झाली, तीच मागणी पंजाबात त्या वेळी ऐरणीवर होती. एका प्रदेशात ज्या मागणीचे ते कैवारी होते, त्याच स्वरूपाच्या दुसऱ्या मागणीपुढे ते घटनात्मक प्रमुख म्हणून तटस्थपणे उभे होते. संविधानाने राज्यांच्या सीमा बदलण्याची जी वाट ठेवली आहे, तिची दोन्ही टोके इतक्या जवळून पाहण्याचा प्रसंग फार थोड्या व्यक्तींच्या वाट्याला आला असेल.

नरहर विष्णू गाडगीळ यांचा जन्म १० जानेवारी १८९६ रोजी माळव्यातील मल्हारगड येथे झाला. मराठी सत्तेच्या उत्तरेकडील विस्ताराबरोबर जी अनेक मराठी कुटुंबे नर्मदेपलीकडे गेली, त्यांच्या वस्त्या माळव्यात सर्वत्र होत्या. पुढे आयुष्यभर ते पुणेकर म्हणूनच ओळखले गेले, तरी त्यांचा जन्म मराठी मुलखाबाहेरचा होता, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून त्यांनी १९१८ मध्ये पदवी घेतली आणि १९२० मध्ये कायद्याची परीक्षा उत्तीर्ण होऊन वकिलीस प्रारंभ केला. त्याच वर्षी ऑगस्टच्या पहिल्या तारखेला लोकमान्य टिळकांचे निधन झाले आणि देशाच्या राजकारणाची धुरा महात्मा गांधींकडे गेली. टिळकांच्या संस्कारात वाढलेल्या पुण्यातील अनेक तरुणांना गांधीमार्ग मानवला नाही. काकासाहेबांनी मात्र टिळकांविषयीचा आदर कायम ठेवून गांधीजींच्या काँग्रेसमध्ये काम करण्याचा निर्णय घेतला. पुणे जिल्हा काँग्रेसचे चिटणीसपद त्यांनी सांभाळले आणि स्वातंत्र्यलढ्यात अनेकदा कारावास भोगला.

त्या काळातील पुणे हे वैचारिक संघर्षाचे केंद्र होते. ब्राह्मण आणि ब्राह्मणेतर या दोन गटांतील दरी एवढी रुंद होती की, राष्ट्रीय चळवळीचे लोण बहुजन समाजापर्यंत पोचणे अवघड झाले होते. ब्राह्मणेतर चळवळीतील अग्रणी केशवराव जेधे आणि चित्पावन कुटुंबातील काकासाहेब गाडगीळ यांचे सहकार्य ही त्या दृष्टीने महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनातील मोठी घटना ठरली. १९२९ मध्ये पुण्यातील पर्वतीचे मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना खुले व्हावे यासाठी सत्याग्रह झाला, तेव्हा सनातन्यांचा रोष पत्करून काकासाहेब त्या बाजूने उभे राहिले. १९३० नंतर काँग्रेस महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत रुजली, तिच्यामागे जेधे-गाडगीळ या जोडीचे परिश्रम होते. १९३४ मध्ये ते मध्यवर्ती विधिमंडळावर निवडून गेले. पुढे महाराष्ट्र प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. वकिलाची तर्कशुद्धता, हजरजबाबी वक्तृत्व आणि नर्मविनोद या गुणांमुळे सभागृहात आणि सभेत ते सारखेच रमत.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर संविधान सभा अस्तित्वात आली आणि मुंबई प्रांतातून काकासाहेब तिचे सदस्य झाले. या सभेने घेतलेल्या असंख्य निर्णयांपैकी दोन निर्णयांचा त्यांच्या पुढील आयुष्याशी विलक्षण संबंध आला. पहिला निर्णय राज्यपालपदाविषयीचा होता. राज्यपाल लोकांनी निवडून द्यावा, अशी कल्पना प्रारंभी मान्य झाली होती. परंतु मुख्यमंत्रीही लोकांच्या पाठिंब्यावर निवडलेला आणि राज्यपालही लोकांनी निवडलेला, अशी स्थिती झाली तर एका राज्यात दोन सत्ताकेंद्रे निर्माण होतील, ही शंका बळावत गेली. अखेर मे १९४९ मध्ये संविधान सभेने राष्ट्रपतींनी नेमलेल्या राज्यपालाचा पर्याय स्वीकारला. मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालणारा आणि पक्षीय वादांपासून दूर राहणारा राज्यप्रमुख तिला अपेक्षित होता.

दुसरा निर्णय राज्यांच्या सीमांविषयीचा होता. इंग्रजांनी प्रांत आखले ते आपल्या जिंकण्याच्या क्रमाने आणि कारभाराच्या सोयीने. त्यात भर पडली ती पाचशेहून अधिक संस्थानांची. हा सारा नकाशा आज ना उद्या बदलावा लागणार, हे उघड होते. म्हणून संविधानाच्या तिसऱ्या अनुच्छेदाने नवे राज्य निर्माण करण्याचा, राज्याचे क्षेत्र वाढवण्याचा वा घटवण्याचा आणि नाव बदलण्याचा अधिकार संसदेला दिला. असे विधेयक राष्ट्रपतींच्या शिफारशीनेच मांडता येते आणि संबंधित राज्याच्या विधिमंडळाचे मत विचारावे लागते. मात्र ते मत संसदेवर बंधनकारक नाही. चौथ्या अनुच्छेदाने तर असेही स्पष्ट केले की, असा कायदा म्हणजे घटनादुरुस्ती मानली जाणार नाही. साध्या बहुमताने तो संमत होऊ शकतो. संघराज्य अखंड, परंतु त्यातील कोणत्याही राज्याची सीमा अढळ नाही, असा या रचनेचा अर्थ होता. त्यातूनच पुढचा सारा वाद उभा राहणार होता. सीमा बदलण्याची वाट सोपी होती, पण त्या वाटेवर कोणाला आणि केव्हा जाऊ द्यायचे, हे दिल्लीतील बहुमताच्या हाती होते.

ऑगस्ट १९४७ मध्ये पंडित जवाहरलाल नेहरूंनी स्थापन केलेल्या स्वतंत्र भारताच्या पहिल्या मंत्रिमंडळात काकासाहेबांकडे सार्वजनिक बांधकाम, खाणी आणि वीज ही खाती आली. फाळणीने देशाचे रस्ते, कालवे आणि वीजवाहिन्या तुटल्या होत्या. जम्मूकडे जाणारा नेहमीचा मार्ग सियालकोटवरून जात असे आणि सियालकोट पाकिस्तानात गेले होते. काश्मीरवर आक्रमण झाले असताना भारतातून तेथे पोचणारा भक्कम रस्ता नव्हता. पठाणकोटहून जम्मूमार्गे श्रीनगरला जाणारा लष्करी दर्जाचा रस्ता बांधण्याचे काम त्यांच्या खात्याने हाती घेतले. सतलजवरील भाक्रा, महानदीवरील हिराकूड यांसारख्या प्रचंड धरण योजनांना त्यांच्याच कारकिर्दीत गती मिळाली. पंजाबच्या मातीशी त्यांचा संबंध असा राज्यपाल होण्यापूर्वीच जडला होता. सरदार वल्लभभाई पटेल यांच्याशी त्यांचे विशेष सख्य होते. नोव्हेंबर १९४७ मध्ये सरदारांनी सोमनाथाच्या जीर्णोद्धाराचा संकल्प केला, त्या वेळी काकासाहेब त्यांच्यासमवेत होते.

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते पुण्यातून लोकसभेवर निवडून आले, परंतु नव्या मंत्रिमंडळात त्यांचा समावेश झाला नाही. मंत्रिपदाचे बंधन सुटले आणि संसदेतील त्यांचा आवाज अधिक मोकळा झाला. भाषावार राज्यरचनेचा प्रश्न नेमका याच सुमारास पेटला.

काँग्रेसने १९२० पासून आपल्या प्रांतिक समित्या भाषेच्या आधारावर रचल्या होत्या. स्वराज्य आल्यावर राज्येही तशीच होतील, अशी लोकांची अपेक्षा होती. परंतु फाळणीच्या जखमा ताज्या असताना भाषेच्या नावाने देशाचे आणखी तुकडे पडतील, हे भय राज्यकर्त्यांच्या मनात घर करून बसले. १९४८ मधील दार आयोगाने भाषावार प्रांतांना प्रतिकूल मत दिले. नेहरू, पटेल आणि पट्टाभि सीतारामय्या यांच्या समितीनेही १९४९ मध्ये सबुरीचाच सल्ला दिला. आंध्रासाठी उपोषण करणारे पोट्टी श्रीरामुलू डिसेंबर १९५२ मध्ये मृत्यू पावले, तेव्हा मात्र केंद्राला नमावे लागले आणि १ ऑक्टोबर १९५३ रोजी आंध्र राज्य जन्मास आले. त्यानंतर फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर यांचा राज्य पुनर्रचना आयोग नेमण्यात आला.

१९५५ च्या शरद ऋतूत आयोगाचा अहवाल आला. दक्षिणेत भाषेचे तत्त्व त्याने बहुतांशी मान्य केले. मराठी भाषकांसाठी मात्र विदर्भाचे वेगळे राज्य आणि उरलेल्यांसाठी गुजराती भाषकांसह द्विभाषिक मुंबई राज्य, अशी शिफारस केली. पंजाबी भाषकांची स्वतंत्र सुभ्याची मागणीही त्याने फेटाळली. बहुतेकांना आपापल्या भाषेचे राज्य मिळत असताना मराठी आणि पंजाबी या दोन लढवय्या प्रदेशांना ते नाकारले जावे, ही गोष्ट दोन्हीकडे जिव्हारी लागली. मुंबई शहर हा वादाचा गाभा होता. भूगोलाने आणि श्रमिकांच्या संख्येने ते महाराष्ट्राचे होते. भांडवल आणि व्यापार प्रामुख्याने इतरांच्या हाती होता. मुंबई महाराष्ट्रात गेली तर आपले काय होईल, ही त्यांची चिंता होती, तर मुंबईवाचून महाराष्ट्र म्हणजे मस्तकावाचून धड, अशी मराठी माणसाची भावना होती.

२१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या परिसरात निदर्शकांवर गोळीबार झाला आणि माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर महिन्याभरातच, डिसेंबरमध्ये, आयोगाच्या अहवालावर लोकसभेत चर्चा झाली. सत्ताधारी पक्षाचे सदस्य असूनही काकासाहेबांनी या चर्चेत आपल्या पक्षाच्या धोरणावर परखड टीका केली. राष्ट्राच्या ऐक्यासाठी तडजोड करावी, हे त्यांना मान्य होते. मात्र तडजोडीलाही मर्यादा असते आणि स्वाभिमान ही ती मर्यादा आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. या सभागृहात न्याय मिळाला नाही तर मुंबईचा प्रश्न मुंबईच्या रस्त्यांवर सुटेल, असा इशारा त्यांनी दिला. त्यांच्या टीकाकारांना त्यात चिथावणी दिसली. वस्तुतः घटनात्मक मार्ग बंद झाला की लोक कोणता मार्ग धरतात, याचे ते कटू निदान होते. त्याच महिन्यात संविधानाची पाचवी दुरुस्ती अमलात आली. सीमाबदलाच्या विधेयकावर राज्य विधिमंडळाने ठरावीक मुदतीत मत द्यावे, ती मुदत राष्ट्रपती ठरवतील आणि मत आले नाही तरी संसद पुढे जाऊ शकेल, अशी तरतूद तिच्यामुळे झाली. राज्यांना विलंब लावण्याची मुभाही आता उरली नाही.

जानेवारी १९५६ मध्ये पंतप्रधानांनी मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय जाहीर केला आणि महाराष्ट्र अक्षरशः पेटून उठला. पोलिसांच्या गोळ्यांना पुन्हा अनेक जण बळी पडले. या संपूर्ण लढ्यात शंभराहून अधिक माणसांनी प्राण गमावले. अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी केंद्रीय मंत्रिपदाचा त्याग केला. फेब्रुवारीत पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समितीची स्थापना झाली आणि साम्यवादी, समाजवादी, शेतकरी कामगार पक्ष, रिपब्लिकन विचारांचे कार्यकर्ते असे एरवी एकमेकांशी न जमणारे लोक एका झेंड्याखाली आले. ऑगस्टमध्ये संसदेने आधीची योजना बाजूला सारून विदर्भ, मराठवाडा, सौराष्ट्र आणि कच्छ यांसह एकच विशाल द्विभाषिक मुंबई राज्य निर्माण करण्याचे ठरवले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी सातवी घटनादुरुस्ती अमलात आली, राज्यांचे जुने वर्ग रद्द झाले, राजप्रमुखांची पदे संपुष्टात आली आणि चौदा राज्ये व सहा केंद्रशासित प्रदेश यांचा नवा नकाशा अवतरला.

आता काकासाहेबांपुढे आयुष्यातील अत्यंत अवघड प्रश्न उभा राहिला. मागणी मनापासून पटलेली, परंतु ती नाकारणारा पक्ष आपलाच. पक्ष सोडून समितीत जाणे, हा एक मार्ग होता. पक्षात राहून मत बदलण्याची वाट पाहणे, हा दुसरा. छत्तीस वर्षे ज्या संघटनेत तुरुंगवासापासून मंत्रिपदापर्यंत सारे अनुभवले, ती त्यांनी सोडली नाही. १९५७ च्या निवडणुकीत पुण्यातून ते काँग्रेसचे उमेदवार म्हणून उभे राहिले. त्यांच्यासमोर समितीच्या पाठिंब्यावर नारायण गणेश गोरे हे समाजवादी नेते होते. संसदेत संयुक्त महाराष्ट्राचा कैवार घेणाऱ्या काकासाहेबांना पुण्याच्या मतदारांनी संयुक्त महाराष्ट्राच्याच प्रश्नावर पराभूत केले.

या निकालाकडे दोन्ही बाजूंनी पाहिले पाहिजे. ज्यांच्या घरातील माणूस गोळीबारात गेला, त्यांना गोळीबार करणाऱ्या सरकारच्या पक्षाचा उमेदवार चालणे शक्य नव्हते, मग त्याचे भाषण कितीही तेजस्वी असो. मतदारांचा हा कौल न्याय्यच होता आणि पुढे दिल्लीचे मन वळवण्यात त्याचा वाटा मोठा ठरला. दुसरीकडे, पक्षात राहून विरोधी मत स्पष्टपणे मांडणारी माणसे उरली नाहीत, तर पक्षाला आपली चूक उमगणार कशी, हाही प्रश्न रास्तच आहे. पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची जी वाताहत झाली, तीत काकासाहेबांनी आपल्या निष्ठेची किंमत मोजली. लोकांचा राग त्यांनी जाणला होता, त्याची पूर्वसूचनाही दिली होती. तो अखेर त्यांच्यावरच कोसळला.

१५ सप्टेंबर १९५८ रोजी त्यांनी पंजाबच्या राज्यपालपदाची सूत्रे हाती घेतली. पुण्याच्या पेठांत उभे आयुष्य घालवलेल्या या गृहस्थांना जे शहर कर्मभूमी म्हणून लाभले, तेथे जुने असे काही नव्हतेच. लाहोर पाकिस्तानात गेल्याने पंजाब राजधानीविना पोरका झाला होता. त्या हानीवर फुंकर घालण्यासाठी ल कॉर्बुझिए या वास्तुशिल्पज्ञाच्या आराखड्यानुसार चंडीगड उभे राहत होते. क्रमांकांनी ओळखली जाणारी सेक्टर्स, काटकोनात छेदणारे रुंद रस्ते आणि उत्तरेच्या बाजूस शासनसंकुल, अशी त्याची मांडणी होती. उच्च न्यायालयाची भव्य इमारत आधीच वापरात आली होती, तर विधानभवन आकार घेत होते. याच संकुलात राज्यपालांसाठी एक प्रासाद आखलेला होता. लोकशाहीत राज्यपालाने असे मानाचे शिखरस्थान व्यापणे नेहरूंना रुचले नाही आणि तो प्रासाद कधीच बांधला गेला नाही. विधिमंडळ, सचिवालय आणि न्यायालय यांच्या पंक्तीत राज्यपालांच्या प्रासादाची जागा रिकामी राहिली. संविधान सभेला अभिप्रेत असलेल्या राज्यपालपदाचे याहून समर्पक चित्र शोधून सापडणार नाही.

मात्र पंजाबच्या राज्यपालावर संविधानाने एक वेगळी जबाबदारीही टाकली होती. सातव्या घटनादुरुस्तीने सुधारलेल्या ३७१ व्या अनुच्छेदात दोन प्रदेशांच्या दुखण्यांवर औषधयोजना होती. मुंबई राज्यात विदर्भ, मराठवाडा आदी भागांसाठी विकास मंडळांची तरतूद होती. पंजाबात विधानसभेच्या सदस्यांच्या दोन प्रादेशिक समित्या असाव्यात, एक हिंदी विभागाची आणि दुसरी पंजाबी विभागाची, अशी योजना होती आणि या समित्यांचे काम नीट चालावे, याची विशेष जबाबदारी राज्यपालावर सोपवता येत होती. महाराष्ट्राला ज्या द्विभाषिक राज्याने असमाधानी ठेवले, त्याच द्विभाषिकाच्या दुसऱ्या प्रयोगाचे राखणदार म्हणून काकासाहेब चंडीगडला आले होते. एकाच अनुच्छेदाने त्यांची जन्मभाषा आणि त्यांची कर्मभूमी जोडली होती.

पंजाबचा प्रश्न महाराष्ट्राहून अधिक गुंतागुंतीचा होता. तेथे भाषेला धर्माचा पदर जुळलेला होता. अकाली दल गुरुमुखी लिपीतील पंजाबीचे राज्य मागत होते. घरात पंजाबी बोलणाऱ्या अनेक हिंदू कुटुंबांनी जनगणनेत आपली मातृभाषा हिंदी नोंदवली होती. हरियाणा विभागातील जनतेला पंजाबीची सक्ती नको होती. मुख्यमंत्री प्रतापसिंग कैरों हे कर्तबगार आणि करारी प्रशासक होते आणि सुभ्याच्या मागणीला त्यांचा ठाम विरोध होता. १९६० मध्ये आंदोलनाने उग्र रूप धारण केले आणि हजारो अकाली कार्यकर्ते तुरुंगात गेले. त्या वर्षाअखेरीस संत फतेहसिंग यांनी उपोषण आरंभले, ते जानेवारी १९६१ मध्ये संपले. १५ ऑगस्ट १९६१ पासून मास्टर तारासिंग यांनी केलेले उपोषण ४८ दिवस चालले.

या साऱ्या काळात राज्यपालाने काय करावे? विधिमंडळाच्या अधिवेशनाच्या प्रारंभी त्याला अभिभाषण करावे लागते, पण ते मंत्रिमंडळाने मंजूर केलेले असते. काकासाहेबांसारख्या वक्त्याला, ज्याने भाषिक राज्यासाठी भर लोकसभेत आपल्याच पक्षाला खडसावले होते, त्याला आता दुसऱ्याने सिद्ध केलेला मजकूर वाचायचा होता. राज्यपालाची शपथ संविधानाचे रक्षण करण्याची आणि राज्यातील जनतेच्या सेवेची असते. ती जनता सुभा मागणारी होती, तशीच सुभा नाकारणारीही होती. राज्यपालाने उघडपणे एका बाजूला झुकणे म्हणजे दुसऱ्या बाजूचा विश्वास गमावणे. लोकप्रतिनिधीला बोलण्यासाठी निवडलेले असते, तर राज्यपालाला बहुधा न बोलण्यासाठी नेमलेले असते. एकाच माणसाने पाठोपाठ या दोन्ही भूमिका वठवणे सोपे नाही. मे १९६२ पर्यंत, पावणेचार वर्षे, त्यांनी ती जबाबदारी पार पाडली.

पंजाबला समजून घेण्याची त्यांची जिज्ञासा मात्र केवळ पदापुरती नव्हती. त्यांच्या मराठी ग्रंथसंपदेत ‘शिखांचा इतिहास’ हा ग्रंथ आहे. मराठी माणसाला पंजाब परका नाही. संत नामदेवांनी आपल्या उत्तरायुष्यातील दीर्घ काळ पंजाबातील घुमान येथे घालवला आणि त्यांच्या रचनांना गुरु ग्रंथ साहिबात स्थान मिळाले. दहावे गुरू गोविंदसिंग यांनी गोदावरीकाठी नांदेडला देह ठेवला. या जुन्या धाग्याला एका मराठी राज्यपालाने आपल्या लेखणीने आणखी एक पीळ दिला.

इकडे महाराष्ट्राचा प्रश्न दोन वाटांनी पुढे सरकत होता. एक वाट न्यायालयातून गेली. १९५६ मध्ये राज्य विधिमंडळाचे मत विचारले होते ते तीन घटकांच्या योजनेवर. संमत झाले ते द्विभाषिक राज्य. म्हणून हा कायदाच अवैध आहे, असा दावा बाबुलाल पराते यांनी केला. ऑगस्ट १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. संसदेने विधेयकात बदल केला तरी पुन्हा मत विचारण्याची आवश्यकता नाही, असा तिसऱ्या अनुच्छेदाचा अर्थ न्यायालयाने लावला. न्यायालयाचे दार बंद झाले, पण मतपेटीचे दार उघडे होते. १९५७ च्या निकालाने आणि त्यानंतरच्या अखंड लोकमताच्या रेट्याने ते काम केले. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी द्विभाषिक चालणार नाही, हे दिल्लीच्या गळी उतरवले आणि १९६० च्या कायद्याने महाराष्ट्र व गुजरात ही दोन राज्ये झाली. ज्या अनुच्छेदाच्या आधारे मागणी नाकारली गेली होती, त्याच अनुच्छेदाच्या आधारे ती मान्य झाली. संविधानाचे तिसरे कलम तेच राहिले, बदलले ते लोकमत आणि त्यापुढे झुकलेले बहुमत.

राज्यपालपदाची मुदत संपवून काकासाहेब महाराष्ट्रात परतले, तेव्हा मराठी समाजाने १९५७ चा कटुपणा मनात ठेवला नव्हता. १९६२ मध्ये सातारा येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. ‘पथिक’ हे त्यांचे आत्मचरित्र त्या काळाचा महत्त्वाचा दस्तऐवज मानले जाते. १९६४ मध्ये ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. पंजाबचे राज्यपाल या नात्याने चंडीगडच्या पंजाब विद्यापीठाचे कुलपतिपद त्यांच्याकडे होतेच. कुलपती राहिलेल्या माणसाने नंतर कुलगुरूचे दैनंदिन कष्टाचे काम आनंदाने स्वीकारले, यात त्यांच्या स्वभावाची प्रचीती येते. या पदावर असतानाच १२ जानेवारी १९६६ रोजी त्यांचे निधन झाले. आदल्याच दिवशी ताश्कंद येथे पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींचा मृत्यू झाला होता. देशावर पसरलेल्या त्या शोकछायेत पुण्याचा हा सुपुत्रही निघून गेला.

पंजाबच्या प्रश्नाचा शेवट पाहण्यास ते राहिले नाहीत. त्यांच्या मृत्यूनंतर दहा महिन्यांनी, १ नोव्हेंबर १९६६ रोजी, पंजाबची पुनर्रचना झाली. पंजाबी भाषकांना पंजाब मिळाला, हिंदी भाषकांचा हरियाणा वेगळा झाला, काही डोंगराळ भाग हिमाचलकडे गेला. आणि चंडीगड? त्यावर दोन्ही राज्यांनी हक्क सांगितला, म्हणून ते केंद्रशासित करून दोघांची सामाईक राजधानी ठरवण्यात आले. १९५६ मध्ये मुंबईसाठी जो निर्णय जाहीर झाला होता आणि मराठी जनतेने प्राणपणाने परतवला, तोच दहा वर्षांनी चंडीगडच्या वाट्याला आला. तात्पुरती म्हणून स्वीकारलेली ती व्यवस्था आजही कायम आहे. मुंबईचे काय टळले, हे मराठी माणसाला नीट समजून घ्यायचे असेल, तर त्याने चंडीगडच्या सीमेवर, दोन राज्यांच्या मध्ये उभे राहून पाहावे.

आज महाराष्ट्र राज्याची संयुक्त मराठी भूमी नव्या पिढीला जन्मसिद्ध वाटते. मुंबई महाराष्ट्राची आहे, हे विद्यार्थी भूगोलाच्या पहिल्या धड्यात शिकतो. त्या एका ओळीमागे हुतात्म्यांचे रक्त आहे, मतदारांचा निग्रह आहे आणि सभागृहात उभे राहून स्वपक्षाला अप्रिय सत्य सांगणाऱ्यांचे धैर्यही आहे. काकासाहेब गाडगीळांना रणांगणातील विजयाचा मान मिळाला नाही. ज्या पुण्याने त्यांना घडवले, त्याच पुण्याने त्यांना घरी बसवले. त्यांनी त्या कौलाविषयी आकस न धरता मिळालेले काम केले आणि मागणी मान्य होण्याचा दिवस दुरून पाहिला. मतभेद असूनही संविधानाची चौकट न सोडणे आणि पराभव होऊनही लोकांशी नाते न तोडणे, या दोन गोष्टी त्यांच्या जीवनातून आजच्या पालकांनी आपल्या मुलांना आवर्जून सांगाव्यात.